अपडेटनंतर टचपॅड का मंदावतो?

'अपडेट झाल्यापासून टचपॅड स्लो झाला,' ही तक्रार चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील शाळांमधून आमच्या कानावर वारंवार येते. विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमची नेहमीची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्याच्या आगेमागे पुष्कळ जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढवण्यात आली. बोट पुढे जाते आणि पडद्यावरचा बाण मागून रेंगाळत येतो, हा अनुभव त्यानंतर अनेकांना आला आहे.

नागपुरात राहणाऱ्याला ही किरकोळ कटकट वाटेल, कारण दुरुस्तीचे दुकान पुढच्या चौकात असते. भामरागड, एटापल्ली किंवा सिरोंचा तालुक्यातील शाळेचे तसे नाही. शाळेत लॅपटॉप एकच. यू-डायस आणि सरलच्या नोंदी त्यावरच भरायच्या आणि मुलांना चित्रफीतही त्यावरच दाखवायची. दुरुस्तीसाठी गडचिरोली गाठायची तर एक दिवस मोडतो. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या तर आपण पावसाळ्यात वाचत आलो आहोत. एवढा खटाटोप करून टचपॅड नवा बसवून आणावा आणि बाण पूर्वीसारखाच रेंगाळावा, असेही घडते, कारण दोष टचपॅडमध्ये नव्हताच. तो कुठे आहे हे शाळेत बसून बऱ्याच अंशी ठरवता येते. त्यासाठी स्क्रूड्रायव्हर लागत नाही. टचपॅडचे काम कसे चालते, एवढे मात्र माहीत हवे.

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारून घेऊ. 'स्लो' म्हणजे नेमके काय? बोट फिरवल्यावर बाण थोडा थांबून निघतो का? की लगेच निघतो, पण कमी अंतर जातो आणि पडद्याच्या कडेपर्यंत पोहोचायला बोट तीनतीनदा घासावे लागते? की अडखळत, उड्या मारत जातो? या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा वेगळी असतात. ताप किती, केव्हा येतो आणि थंडी वाजते का, हे विचारल्याशिवाय डॉक्टर गोळी देत नाहीत, तसेच हे आहे.

बोट कसे ओळखले जाते?

टचपॅडच्या काचेखाली किंवा प्लॅस्टिकखाली तांब्याच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते. काही पट्ट्या आडव्या, काही उभ्या. आडवी पट्टी उभ्या पट्टीला जिथे ओलांडते तिथे दोन वाहक आणि मध्ये विद्युतरोधक अशी रचना तयार होते. हे झाले एक चिमुकले धारित्र, म्हणजे कपॅसिटर. आपले बोट पाणी व क्षारांमुळे विजेचे वाहक आहे. ते जवळ आले की विद्युतक्षेत्राचा काही भाग स्वतःकडे ओढून घेते आणि त्या छेदाची धारकता किंचित घटते. ही घट पिकोफॅरडच्या काही अंशाएवढीच असते. टचपॅडमधील चिप सर्व छेदांवरून सेकंदाला सुमारे शंभर वेळा फेरी मारून ती मोजत राहते. दाब मोजला जात नाही, म्हणून जोरात दाबून बाण वेगाने पळत नाही.

हे वर्गात पडताळून पाहता येते. प्लॅस्टिकच्या पेनाचे टोपण टचपॅडवर फिरवा. बाण हलणार नाही. आता त्याच टोपणाला अ‍ॅल्युमिनिअमचा कागद गुंडाळा, तो हाताला लागेल असा धरा आणि बोटाच्या टोकाएवढा भाग पॅडवर टेकवा. बाण हलू लागेल. मग पॅडवर वहीचा एक कागद ठेवून वरून बोट फिरवा, नंतर दोन, नंतर चार. अंतर वाढते तशी धारकतेतील घट कमी होत जाते आणि एका टप्प्यावर बोट 'दिसेनासे' होते. उन्हाळ्यात तेंदूपाने गावोगाव असतातच. ताजे पान आणि वाळलेले पान यांत काय फरक पडतो, हे मुलांना शोधू द्या.

पट्ट्या एकमेकींपासून काही मिलिमीटर दूर असतात. तरीही बाण मिलिमीटरच्या लहानशा अंशानेही सरकतो, तो कसा? बोट एकाच वेळी दोन-तीन पट्ट्यांवर पसरलेले असते. समजा पाचव्या, सहाव्या आणि सातव्या उभ्या पट्टीवर धारकतेतील घट अनुक्रमे २०, ६० आणि ४० एकक मिळाली. भारित सरासरी काढू: ५×२०, ६×६० आणि ७×४० यांची बेरीज ७४०. तिला एकूण १२० ने भागले की ६.१७ येते. म्हणजे बोटाचा मध्य सहाव्या पट्टीच्या किंचित उजवीकडे आहे. गुरुत्वमध्य काढण्याचीच ही रीत आहे.

अ‍ॅपलने १९९४ साली पॉवरबुक ५०० या मालिकेत टचपॅड दिला आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. टचपॅड बनवणाऱ्या सिनॅप्टिक्स या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक फेडेरिको फॅगिन. इंटेलच्या १९७१ मधील ४००४ या मायक्रोप्रोसेसरच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. १९८६ मध्ये कंपनी निघाली तेव्हा मात्र त्यांच्या डोक्यात टचपॅड नव्हता, मेंदूच्या चेतापेशींसारखी मंडले बनवायची होती!

इतक्या सूक्ष्म मापनात गोंगाट असणारच. तो काढायला चिप किंवा संगणक लागोपाठच्या मापनांची सरासरी घेतो. त्याची किंमत मोजावी लागते. सेकंदाला १०० मापने, म्हणजे दोन मापनांत ०.०१ सेकंद. शेवटच्या ९ मापनांची सरासरी घेतली तर आलेले उत्तर मधल्या, म्हणजे चार मापने आधीच्या क्षणाचे असते. विलंब झाला ०.०४ सेकंद. १७ मापने घेतली तर ०.०८ सेकंद. बाण जितका स्थिर हवा तितका तो उशिरा येणार. आणि विलंब कमी केला तर तो थरथरणार. हा तडजोडीचा आकडा कोणीतरी आधीच ठरवलेला असतो आणि अपडेटने तो बदलू शकतो.

दुभाषा बदलला तर?

चिपला बोट कळले म्हणजे काम संपले नाही. तिचा निरोप तारांवरून ड्रायव्हरकडे, ड्रायव्हरकडून ऑपरेटिंग सिस्टीमकडे आणि तिथून पडद्यावर जातो. ड्रायव्हर हा एक छोटा प्रोग्राम असतो. चिपची भाषा ऑपरेटिंग सिस्टीमला समजावून सांगणारा दुभाषा. घरी माडिया बोलणारे मूल पहिलीत येते आणि गुरुजींना फक्त मराठी येते, तेव्हा मधल्या माणसाचे मोल काय असते हे गडचिरोलीच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

अपडेटमध्ये पुष्कळदा हा दुभाषाच बदलतो. जुन्या पद्धतीच्या अनेक टचपॅडांना स्वतःचा खास ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर ते साध्या माउसचे सोंग घेतात. मग चिपकडून 'बोट अमुक जागी आहे, दुसरे तमुक जागी आहे' असा निरोप जात नाही. 'इतके उजवीकडे, इतके वर, बटण दाबले किंवा नाही' असा तीन बाइटचा निरोप जातो. बाण हलतो, पण मंद किंवा ओबडधोबड, आणि दोन बोटांनी पान वरखाली करणे बंद पडते. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. दोन बोटांची करामत अपडेटच्याच दिवशी गेली असेल, तर पहिला संशय ड्रायव्हरवर घ्यावा. विंडोज ८.१ पासून, म्हणजे २०१३ पासून, 'प्रिसिजन टचपॅड' नावाची समान भाषा आली. ती बोलणाऱ्या पॅडांना हा त्रास कमी होतो.

जंगलभागात आणखी एक अडचण येते. नेटवर्क तुटक असते. शिक्षक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडतात आणि डेटा वाचावा म्हणून ते कनेक्शन 'मीटर्ड' म्हणून नोंदवतात. ते योग्यच आहे, पण अशा कनेक्शनवरून विंडोज आपण होऊन ड्रायव्हर उतरवून घेत नाही; त्याची परवानगी सेटिंग्जमध्ये वेगळी द्यावी लागते. पेनड्राइव्हवरून विंडोज चढवली असेल तर प्रश्न तोच. घर बदलले, पण दुभाषा जुन्या गावीच राहिला! अशा वेळी तालुक्याच्या ठिकाणी गेल्यावर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलचा टचपॅड ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणावा. उलट, जुना ड्रायव्हर नीट चालत होता आणि नव्याने बिघडवले असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये टचपॅडच्या नावावर जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबावे. जुना ड्रायव्हर जपलेला नसेल तर हे बटण फिके दिसते. संपूर्ण विंडोजच मागे न्यायची असेल, तर नवी आवृत्ती चढवल्यापासून साधारणपणे १० दिवसांची मुदत असते. म्हणून तक्रार लवकर तपासलेली बरी.

पण ड्रायव्हरला हात लावण्याआधी एक साधी चाचणी करा. कुणाचा तरी यूएसबी माउस आणून जोडा. माउसचा बाणही रेंगाळत असेल तर टचपॅड निर्दोष आहे आणि संपूर्ण संगणकच कामात बुडालेला आहे. मोठ्या अपडेटनंतर तो शोधसूची नव्याने बनवतो, फायली तपासतो, राहिलेले तुकडे उतरवतो. फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क असेल तर हे तासन् तास चालते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्क किंवा सीपीयूपुढे ९०-१०० टक्के दिसले, तर लॅपटॉप चार्जरला लावून रात्रभर चालू ठेवावा. पुष्कळदा सकाळी तक्रार उरत नाही.

सकाळी बाण ठीक असतो आणि दुपारी रेंगाळतो, असे असेल तर उष्णतेकडे पाहा. मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान ४६-४७ अंशांवर जाणे आपल्याला नवे नाही, आणि बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतची हवा गृहीत धरून बनवलेले असतात. प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. आता हिशेब करा. उष्णता बाहेर जाण्याचा दर तापमानातील फरकाच्या प्रमाणात असतो. हवा २५ अंश असताना फरक ७५. हवा ४५ अंश असताना ५५. म्हणजे तोच पंखा सुमारे २७ टक्के कमी उष्णता बाहेर टाकतो. पंख्यात खडूची धूळ साचली असेल तर आणखी कमी. त्यात अपडेट मे महिन्यात झाले असेल तर आळ अपडेटवर येतो! एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिलीमुळेच दुसरी घडली असे होत नाही, हे आपण मुलांना शिकवतोच.

बाण उड्या मारत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर काम करून पाहा. फरक पडला तर दोष बहुधा अर्थिंगचा. चार्जरमध्ये वीजपुरवठ्याची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांना जोडणारे एक छोटे धारित्र असते. अर्थिंग नसेल तर त्यातून गळणाऱ्या अत्यल्प प्रवाहामुळे लॅपटॉपची बॉडी जमिनीच्या तुलनेत वेगळ्या विद्युतदाबावर तरंगत राहते. कधीकधी हाताला मुंग्या येतात त्या यामुळेच. धारकतेतील सूक्ष्म घट मोजणाऱ्या चिपला हा मोठाच गोंगाट. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये खोचणे हे याचे नेहमीचे कारण आहे. दुसरे कारण अंगणात असते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातील माती सुकते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. दोन बादल्या पाणी ओतून फरक पडतो का ते पाहा. मुंग्यांऐवजी झटका बसत असेल, तर मात्र प्रयोग थांबवून वायरमनला बोलवावे.

बाण लगेच हलतो पण कमी अंतर जातो, ही तक्रार सर्वांत सोपी. अपडेटने वेगाची मांडणी मूळपदावर नेलेली असते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग टचपॅड येथे बाणाचा वेग वाढवता येतो. तिथेच 'सेन्सिटिव्हिटी' आहे. टंकलेखन करताना तळहात लागून बाण भरकटू नये म्हणून काही क्षण स्पर्शाकडे दुर्लक्ष केले जाते, ते हिच्यावरून ठरते. लिहून झाल्यावर लगेच बाण हलत नसेल तर ती एक पायरी वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा. चार बदल एकदम केले तर कशाने गुण आला ते कळत नाही.

हे सारे करूनही उलगडा झाला नाही, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. उबुंटूसारखी लिनक्स हार्ड डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून चालते. तिच्यात टचपॅड सुरळीत चालला तर यंत्र चांगले आहे आणि दोष विंडोजच्या बाजूचा आहे. तिच्यातही तसाच रेंगाळला, तर दुरुस्तीला नेण्याचा दिवस वाया जाणार नाही.

यंत्रातील दोषांपैकी एक मात्र घरीच ओळखला पाहिजे. अनेक लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या खालीच असते. जुनी बॅटरी, विशेषतः उष्णतेत, आत वायू तयार होऊन फुगते आणि पॅडला खालून ढकलते. पॅडचे बटण कडक झाले असेल, पॅड एका बाजूने वर आला असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल, तर तो लगेच बंद करा आणि चार्जर काढा. बॅटरी दाबून बसवू नका, टोचू नका, कचऱ्यातही टाकू नका. आतील लिथिअम बॅटरी पेट घेऊ शकते. लॅपटॉप मुलांच्या हाताला लागणार नाही अशा मोकळ्या, सावलीच्या जागी ठेवून जाणकाराकडून बॅटरी काढून घ्यावी.