जळू, थ्रॉम्बिन आणि बिंबिकेवरील ग्राही

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या तेराव्या अध्यायात जलौकावचारण वर्णिले आणि लगेच चौदाव्या अध्यायात रक्त थांबविण्याचे संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय सांगितले. रक्त काढणाऱ्याने ते थांबविण्याची विद्याही जाणली पाहिजे, हाच या क्रमाचा बोध होय. आज ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी औषधे नित्य घेणारे रुग्ण आपल्याकडे येतात. त्यामुळे स्कंदनाची आधुनिक उपपत्तीही वैद्याला ज्ञात असणे अगत्याचे आहे.

थ्रॉम्बिन हे स्कंदनातील प्रमुख विकर. फायब्रिनोजेनपासून ते फायब्रिनचे तंतू निर्माण करते, हे आपण पदवी अभ्यासक्रमात शिकलोच. रक्तातील बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेट्सना, उद्दीपित करणे हे त्याचे दुसरे कार्य. त्यासाठी बिंबिकेच्या पृष्ठभागावर पार-१ नावाचा ग्राही असतो. त्याची ओळख १९९१ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील शॉन कॉफलिन यांच्या गटाने पटविली.

या ग्राहीची रीत निराळी आहे. थ्रॉम्बिनवर, छेदनस्थानापासून काही अंतरावर, एक धनभारित खाच असते. ग्राहीच्या बाहेर आलेल्या शेपटीचा ऋणभारित भाग तीत बसतो. पकड बसली की थ्रॉम्बिन त्या शेपटीतील ४१व्या व ४२व्या अमिनो आम्लांमधील बंध तोडते. उघडे पडलेले नवे टोक वळून त्याच ग्राहीवर बसते आणि संदेश बिंबिकेच्या आत जातो. किल्ली कुलपालाच बांधलेली असते. थ्रॉम्बिन केवळ तिचे आवरण कापते. तुटलेला बंध पुन्हा जुळत नाही, म्हणून प्रत्येक ग्राही एकदाच कामी येतो.

आता जळूकडे वळू. तिच्या स्रावात रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्याचे जॉन हेक्राफ्ट यांनी १८८४ साली दाखविले. पुढे हिरुडिन या नावाने प्रसिद्ध झालेले हे प्रथिन युरोपीय औषधी जळूत सुमारे ६५ अमिनो आम्लांचे असते. त्याची शेपटी थ्रॉम्बिनच्या त्याच खाचेत बसते आणि शीर्षभाग छेदनस्थान झाकतो. पार-१च्या शेपटीचा तो भाग हिरुडिनशी इतका मिळताजुळता आहे, की शास्त्रज्ञ त्यास हिरुडिनसदृश भाग म्हणतात. बिंबिकेची जागा जळू अशी आधीच अडविते.

चिकित्सेच्या दृष्टीने मर्म येथेच आहे. ॲस्पिरिन थ्रॉम्बोक्झेनचा मार्ग रोखते, तर क्लोपिडोग्रेल एडीपीच्या ग्राहीचा. थ्रॉम्बिनचा मार्ग दोन्ही औषधांनंतर उघडा राहतो आणि जखम भरून येण्यास तोच आधार असतो. अशा रुग्णास जळू लावल्यास दंशस्थानी तो आधारही क्षीण होतो. पार-१ रोखणाऱ्या व्होरापॅक्सार या औषधास २०१४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही पक्षाघाताचा पूर्वेतिहास असलेल्यांना ते देऊ नये या बजावणीसह. कारण त्यांच्यात मेंदूतील रक्तस्रावाचा धोका वाढलेला दिसला.

म्हणून जलौकावचारणापूर्वी रुग्णाच्या सर्व चालू औषधांची नोंद केसपेपरवर करावी. वॉरफेरिन किंवा दोन बिंबिकारोधक औषधे एकत्र चालू असल्यास जळू लावू नये. मात्र ती औषधे आपल्या अधिकारात बंदही करू नयेत. स्टेंट बसविलेल्या रुग्णात तसे करणे प्राणघातक ठरू शकते. औषधालयाच्या चालकांनीही अशा गोळ्यांची चिठ्ठी असलेल्या ग्राहकास लसणाचे कल्प देण्यापूर्वी त्याच्या वैद्यास विचारावे.