एक वॅट आणि अर्धा तास
घरच्या कॉम्प्युटरवर लांब लहरींचा रेडिओ

हॅम रेडिओचा विषय निघाला की आपल्या मंडळींचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "फोन फुकट झाला, आता हे कशाला?" आणि "आपण इथले नागरिक नाही, आपल्याला लायसन्स कोण देणार?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे, म्हणून ते आधी देतो. अमेरिकेत हौशी रेडिओच्या लायसन्ससाठी नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्डही लागत नाही. परकीय सरकारचा प्रतिनिधी सोडला तर कोणीही परीक्षेला बसू शकतो. वयाची अट नाही, त्यामुळे पाचवीतली मुलगी आणि तिचे आजोबा एकाच दिवशी परीक्षा देऊ शकतात. मोर्स कोडची परीक्षा २००७ साली रद्द झाली. पहिल्या पायरीच्या पेपरात ३५ प्रश्न असतात, २६ बरोबर आले की पास. एकच पथ्य आहे: या छंदातून पैसे मिळवायचे नाहीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र लांब आहे, आणि ते लांब लहरींवरूनच द्यायचे आहे.

लहर दोन किलोमीटरची

आपल्या लहानपणी घरातल्या रेडिओवर मीडियम वेव्हचा काटा डावीकडे नेत गेले की एका जागी पट्टी संपायची. त्याच्याही खाली, १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ आणि ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ असे दोन चिमुकले पट्टे हौशी लोकांना मिळाले आहेत. पहिला पट्टा २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ठरला, दुसरा २०१२ च्या. अमेरिकेत एफसीसीने ते २०१७ साली खुले केले.

पहिल्या पट्ट्यात एका लहरीची लांबी सुमारे २२०० मीटर आहे, दुसऱ्यात ६३०. चांगला अँटेना लहरीच्या निदान पाव लांबीचा असावा असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे २२०० मीटरसाठी साडेपाचशे मीटर उंच मनोरा! आपल्या परसात फार तर दहा मीटरची तार बसणार. अशा आखूड तारेत घातलेली बहुतेक सगळी वीज कॉइल आणि जमीन तापवण्यात जाते, आकाशात जाते ती जेमतेम चिमूटभर. शिवाय कायद्याची मर्यादा आहेच. सर्व दिशांना सारखी पसरते असे धरून मोजलेली, अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ती २२०० मीटरवर एक वॅटपेक्षा जास्त चालत नाही. ६३० मीटरवर पाच वॅट चालतात, आणि अलास्काच्या काही भागात तिथेही एकच.

एक वॅट म्हणजे देवघरातल्या छोट्या दिव्याइतका. तरीही हिवाळ्याच्या रात्री इथल्या हौशी लोकांचे असे संदेश अटलांटिक ओलांडून युरोपात पोचतात. हे काम अँटेना एकटा करत नाही, कॉम्प्युटरवरचे सॉफ्टवेअर करते.

गोंगाटातून आवाज कसा निघतो

मी रसायनशास्त्राचा माणूस, म्हणून उदाहरण आमच्या प्रयोगशाळेतले देतो. एनएमआर यंत्रात अगदी विरळ नमुना ठेवला तर एका स्कॅनमध्ये नुसता गोंगाट दिसतो. मग आम्ही शेकडो स्कॅन घेतो आणि एकावर एक रचतो. खरा सिग्नल दर वेळी त्याच जागी येतो, म्हणून तो वाढत जातो. गोंगाट कधी वर, कधी खाली असतो, म्हणून तो त्या मानाने फार वाढत नाही. हळूहळू गवतातून शिखर डोके काढते. शक्ती कमी असेल तर वेळ जास्त द्यावा, एवढेच त्यातले तत्त्व.

रेडिओवर हेच तत्त्व वापरणारे डब्ल्यूएसजेटी हे सॉफ्टवेअर २००१ साली प्रिन्स्टनच्या जो टेलर यांनी लिहायला घेतले. हे गृहस्थ स्वतः हॅम आहेत, आणि १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना रसेल हल्स यांच्यासह मिळाले. १९७४ साली त्या दोघांनी जोडीने फिरणाऱ्या ताऱ्यांतला पल्सार शोधला होता. पल्सारचा क्षीण ठोका गोंगाटातून वेचणे आणि हौशी माणसाचा एक वॅट वेचणे, ही भावंडेच म्हणायची. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ३० तबकड्या याच जातीचे काम करतात. सुट्टीत जुन्नरकडे गेलात तर मुलांना रस्त्यावरून तरी त्या जरूर दाखवा.

टेलर यांनी २००८ साली 'विस्पर' ही पद्धत आणली. तिच्यात बोलायचे फार थोडे: स्टेशनचे नाव, नकाशावरचा चौकोन आणि शक्ती. सगळे मिळून फक्त ५० बिट्स. हा इवलासा निरोप १६२ टप्प्यांत सांगितला जातो आणि त्याला जवळजवळ १११ सेकंद लागतात. फोनवर हे निमिषात जाते! पण त्या संथपणामुळे सिग्नल सुमारे सहा हर्ट्झच्या फटीत मावतो आणि सॉफ्टवेअर बाकीचा सगळा गोंगाट दाराबाहेर ठेवू शकते.

पन्नासाचे एकशे बासष्ट का? कारण वाटेत विजेचा कडकडाट झाला तर काही टप्पे वाहून जाणार हे गृहीत धरलेले असते. मिरवणुकीत ढोलताशांच्या गजरात "गणपती बाप्पा" एवढेच ऐकू आले तरी पुढचा शब्द आपल्याला कळतो. तसे एका टप्प्याचे नाते दुसऱ्याशी बांधलेले असते, आणि राहिलेल्यांवरून गेलेले ओळखता येतात.

लांब लहरींसाठी खास बनवलेली एफएसटी-फोर-डब्ल्यू ही पद्धत २०२१ साली आली. तिच्यात निरोपाला २, ५, १५ किंवा ३० मिनिटे देता येतात. अडीच हजार हर्ट्झच्या पट्ट्यातल्या गोंगाटाशी तुलना केली तर दोन मिनिटांत त्याच्या सुमारे एकोणीसशे पट क्षीण सिग्नल वाचता येतो, आणि तीस मिनिटांत सुमारे तीस हजारपट. वेळ पंधरापट, फायदा जवळपास सोळापट. वेळेचा मोबदला इतका चोख देणारा व्यवहार मला दुसरा माहीत नाही. शॉर्टवेव्हवर हा व्यवहार जमत नाही, कारण वरचे आयनांचे थर हलत राहतात आणि सिग्नलची बारीक रेघ विस्कटते. लांब लहर त्या मानाने शांत असते.

अर्थात यात गप्पा होत नाहीत. दोघांनी संवाद करण्याची वेगळी पद्धत आहे, पण तिच्यातही नाव, सिग्नलचा दर्जा आणि 'मिळाले' एवढेच सांगतात. त्यासाठी साधारण सहा फेऱ्या लागतात. पाच मिनिटांच्या फेऱ्या धरल्या तर अर्धा तास. इथून डोंबिवलीला बोलायचे असेल तर फोनच बरा!

सुरुवात ऐकण्यापासून

ऐकायला लायसन्स लागत नाही. डब्ल्यूएसजेटी-एक्स हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. रिसीव्हर घेण्यापूर्वी तो १३६ आणि ४७५ किलोहर्ट्झवर खरोखर ऐकतो का ते पाहा. पुष्कळ स्वस्त रिसीव्हर इतके खाली उतरत नाहीत. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना इंटरनेटवरून दुसऱ्यांचे रिसीव्हर चालवून ऐकता येते, तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

विस्परसाठी रिसीव्हर अप्पर साइडबँडवर ठेवून १३६.० किंवा ४७४.२ किलोहर्ट्झ लावावे आणि त्याचा आवाज कॉम्प्युटरला द्यावा. कॉम्प्युटरचे घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर हवे, कारण प्रत्येक निरोप सम मिनिटाला सुरू होतो. दिवसा या लहरी वरच्या थरात शोषल्या जातात आणि उन्हाळ्यात विजांचा खडखडाट फार असतो. म्हणून दिवाळी उलटल्यावरच्या लांब रात्री उत्तम.

खरा शत्रू घरातच असतो: फोनचे चार्जर, एलईडी दिवे, सोलरचा इन्व्हर्टर. मुलांसाठी छान प्रयोग आहे. बॅटरीवरचा एएम रेडिओ पट्टीच्या अगदी खालच्या टोकाला, ५३० च्या आसपास रिकाम्या जागी लावा आणि घरभर फिरा. कुठे खरखर वाढते ते कागदावर घराच्या नकाशात लिहा. मग एकेक प्लग काढून पुन्हा ऐका. कोणता चार्जर किती कचरा टाकतो ते लहान मूलही सांगू शकेल.

प्रक्षेपण करायचे असेल तर मात्र नियम नीट पाळा. पहिल्या पायरीचे लायसन्स या पट्ट्यांवर पुरत नाही, निदान 'जनरल' वर्ग लागतो. शिवाय वीज कंपन्या आपल्या उच्च दाबाच्या तारांवरून याच भागात नियंत्रणाचे सिग्नल पाठवतात. म्हणून युटिलिटीज टेक्नॉलॉजी कौन्सिलला अँटेनाची जागा आधी कळवावी लागते. असे सिग्नल वाहणारी तार एक किलोमीटरच्या आत असेल तर परवानगी नाही. तीस दिवसांत हरकत आली नाही तर सुरू करता येते.

आता "हे कशाला?" याचे उत्तर. आपली मुले कॉम्प्युटरपुढे तासन् तास असतात आणि सगळे काही त्यांना क्षणात मिळते. इथे तोच कॉम्प्युटर त्यांना अर्धा तास थांबायला लावतो. मग पडद्यावर एक ओळ उमटते, आणि ती ओळ मधली कुठलीही कंपनी न येता, कोणाच्या तरी परसातल्या तारेतून थेट आपल्या घरी आलेली असते. ती कशी आली हे समजून घ्यायला गणित, भूगोल आणि विजेचे शास्त्र तिन्ही लागतात, आणि मूल आपणहून विचारू लागते.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत एक रात्र घरातले चार्जर काढून हे करून पाहा. काही ऐकू आले तर तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून मंडळाकडे पाठवा. पुढच्या अंकात आपण सगळ्यांचा मिळून एक नकाशा छापू.