काठापर्यंतची पायवाट

पुणे मुठेच्या काठी वाढले. ओंकारेश्वराचे देऊळ तिच्या काठी आहे आणि विठ्ठलवाडीचा विठोबाही तिच्याच काठी उभा आहे. तरीही आजच्या पुणेकराला नदी दिसते ती बहुधा पुलाच्या कठड्यावरून, आणि तीही नाकाला रुमाल लावून! नदीकाठी उतरावे कोठून, हा साधा प्रश्न एखाद्या रहिवाशाला विचारला तर त्याला क्षणभर विचारच करावा लागेल.

संगमानंतर मुळामुठा झालेली ही नदी बंडगार्डनचा बंधारा ओलांडून पुढे जाते. तेथे येरवडा-कल्याणीनगरच्या बाजूला झाडी आणि पाणथळ जमीन यांचा एक पट्टा अजून शिल्लक आहे. लोक त्याला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणतात. नाव भारदस्त आहे. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालील रीतसर अधिसूचनेचे पाठबळ त्यामागे नाही. हळदीकुंकू बदक, शेकाट्या, वंचक, खंड्या यांना अर्थातच अधिसूचना वाचता येत नाही. पाणी, चिखल आणि झाडोरा मिळाला की ते येतात. माणसाला मात्र येथे धड वाट नाही, फलक नाही, बसायला पार नाही. आत जायचे तर कचरा आणि काटे तुडवीत जावे लागते.

या दुर्गमतेमुळेच हा पट्टा वाचला, असे काही पक्षिप्रेमी म्हणतात. त्यांची भीती अनाठायी नाही. पण जेथे नागरिक दिवसा पोहोचत नाही, तेथे राडारोड्याचा ट्रक रात्री बिनदिक्कत पोहोचतो, हाही याच काठाचा अनुभव आहे. पाणथळीत भराव पडत असताना ते पाहणारे कोणी नसेल, तर तक्रार तरी कोणी करावी? रोज सकाळी शे-दोनशे माणसे ज्या वाटेने चालतात, त्या वाटेवर चोरून भराव टाकणे सोपे नसते.

दुसरा मार्ग महानगरपालिकेने स्वीकारला आहे. मुळा, मुठा आणि मुळामुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचे भूमिपूजन ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. काठ लोकांना खुला करणे हा त्याचा घोषित हेतू आहे आणि त्या हेतूशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. भांडण आहे ते साधनांशी. भराव घालून बांधलेला, फरसबंदी केलेला काठ फिरायला सोयीचा खरा; परंतु वाळुंज, करंज, उंबर यांच्या मुळांनी धरून ठेवलेली उतरती दरड एकदा गेली की ती कोणत्याही निविदेतून परत मिळत नाही. २९ एप्रिल २०२३ रोजी हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले ते या झाडांसाठीच.

शिवाय पूर आहेच. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा. विठ्ठलवाडी ते वारजे या रस्त्यासाठी या रेषेच्या आत घातलेला भराव हटवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्येच दिला होता. त्यानंतर जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या घरांत पाणी शिरले. पानशेत पाहिलेल्या शहराला आणखी किती पुरावे हवेत?

रान आणि सिमेंट यांच्यामधली एक स्वस्त वाट आहे. आणि स्वस्त असल्यामुळेच कदाचित तिला कोणी वाली नाही. मुरमाची एक पायवाट, रस्त्याकडून उतरायला दोन-तीन ठिकाणी दगडी पायऱ्या, वृद्धांसाठी एखादा सौम्य उतार, पक्ष्यांची चित्रे असलेला मराठी फलक आणि एक पहारेकरी एवढे पुरे आहे. पूर आला तर पाणी वाटेवरून जाईल आणि ओसरल्यावर चार गाड्या मुरूम टाकला की वाट पूर्ववत होईल. वाट पाणथळीपासून अंतर राखून, एकाच बाजूने न्यावी. दिवे लावू नयेत, अंधार पडताच फाटक बंद करावे. मैलापाण्याचा प्रश्न अर्थात निराळा आणि मोठा आहे; तो सुटेपर्यंत पायवाट अडवून ठेवण्याचे मात्र कारण नाही.

थंडीचे पाहुणे पक्षी नोव्हेंबरच्या सुमारास येऊ लागतात. त्याआधी पावसाळा ओसरताच येरवड्याच्या बाजूला एक किलोमीटरची वाट करून पाहावी, मार्चअखेरपर्यंत पक्ष्यांची आणि माणसांचीही मोजणी करावी आणि ते आकडे महापालिकेच्या सभागृहापुढे ठेवून मगच पुढच्या काठाचा नकाशा मंजूर करावा.