कोपऱ्यावरचा गोट

गोधडी विरते ती कडेपासून. मधली नक्षी शाबूत असते, ठिगळांचे रंगही टिकून असतात आणि काठाला मात्र आतलं जुनं लुगडं डोकावू लागतं. अंगावर ओढताना, घडी घालताना, धुताना सगळा मार काठच खातो. म्हणून कुणाची गोधडी हातात आली की मी आधी तिचा गोट बघते, आणि गोटात कोपरा.

हातशिलाईत कडेसाठी एक देखणा तोडगा आहे. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजातल्या बायका आपली कवांद, म्हणजे गोधडी, शिवायला घेतात तीच काठापासून. कड आत दुमडत, धावदोरा गोल फिरवत त्या मध्याकडे येतात, त्यामुळे वेगळा गोट लागतच नाही. शेवटी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं बसवतात. फुलं नसली तर कवांद नागडी समजतात. कोपऱ्याचा हा मान मला फार भावतो.

मशीनवर ही सोय नाही. थर आधी जोडले जातात, कडा उघड्या राहतात आणि पट्टीनं झाकाव्या लागतात. चौकोनी गोधडीला चार काटकोन, ते हाताला सवयीचे. खरी परीक्षा षट्कोनी आसनाची.

मी पट्टी उरेबच, म्हणजे तिरक्या धाग्यात, कापते. उभ्या धाग्यात कापलेल्या पट्टीची घडी एकाच धाग्यावर बसते. तो झिजला की गोट लांबच लांब चिरत जातो. उरेब पट्टीत अनेक धागे घडीवरून तिरके जातात आणि झीज वाटून घेतात. सव्वादोन इंच रुंदीची पट्टी मधोमध दुमडून इस्त्री करायची. इस्त्री दाबून उचलायची, सरकवायची नाही, नाहीतर उरेब ताणलं जातं.

पहिल्या आसनाला मी काटकोनाचाच नियम लावला होता: पाव इंचावर टीप, म्हणून कड संपायच्या पाव इंच आधी थांबायचं. सहाही कोपरे बिघडले. प्रत्येक ठिकाणी टीप आधीच तुटलेली, पट्टी सुटलेली, बोट घातलं तर आत जाईल अशी. रात्री कागदावर षट्कोन काढला तेव्हा चूक दिसली. थांबायचं असतं ते दोन्ही बाजूंच्या टिपा जिथे एकमेकींना भेटतात तिथे. काटकोनात ही जागा कोपऱ्यापासून पाव इंचावर, म्हणजे सहा मिलिमीटरहून किंचित पुढे येते. षट्कोनाचा कोपरा १२० अंशांचा. तिथे ती पावणेचार मिलिमीटरच्या आत येते. चांदणीचं ६० अंशांचं टोक असेल तर उलट, अकरा मिलिमीटर आधीच थांबावं लागतं. कोपरा जितका पसरट, तितकं उशिरा थांबायचं. तेव्हापासून मी मोजत बसत नाही. प्रत्येक बाजूला पाव इंच आत खडूची रेघ मारते आणि रेघा जिथे छेदतात तिथे थांबते. शेवटचे दोन-तीन टाके हातानं चाक फिरवून घालते.

मग दोरा तोडायचा. पट्टी मागे अशी उलटायची की तिची उघडी कड पुढच्या बाजूच्या रेषेत सरळ येईल. तिथूनच ती पुढच्या बाजूवर खाली घ्यायची, घडी नेमकी कोपऱ्यावर ठेवायची आणि वरच्या कडेपासून टीप सुरू करायची.

सगळा गोट मशीननंच लावायचा तर पट्टी आधी मागच्या बाजूला जोडावी, पुढे वळवावी आणि दिसणारी टीप सुलट्या बाजूनं घालावी. ती डोळ्यांसमोर राहते. जाड कामात मशीनचे दाते खालचं कापड ओढतात आणि वरचं मागे राहून झोळ येतो. वरचा थरही सोबत ओढणारा वॉकिंग फूट मिळतो. जुन्या मशीनवर मी पायाचा दाब सैल करते, टाका मोठा घेते. या दिसणाऱ्या टिपेत कोपऱ्याशी आल्यावर दोरा न तोडता सुई कापडात रुतलेली ठेवून पाय उचलते आणि आसन वळवते.

आत वळणारा कोपरा राहिला. तिथे गोधडीलाच टिपेच्या रेघेपर्यंत, धागाभर अलीकडे, कात्रीचा एक छेद द्यायचा. मग ती आतली खाच दोन्ही हातांनी उघडून सरळ रेषेत आणायची आणि पट्टी न दुमडता शिवत जायचं. हात सोडले की गोधडी मिटते आणि पट्टीला आपोआप चुणी पडते. ती चुणी सुईच्या टोकानं आत सारते, वरून एक टाका घालते आणि पुढच्या बाजूला लागते.