एक अल्टरनेटर, दोन बॅटऱ्या

संपादकांचा हुकूम भिलाईच्या पोलादावर लिहिण्याचा होता, आणि त्याची तामिली करण्यास लागेल तेवढी माहिती कोणत्याही सरकारी पुस्तिकेत आयती मिळते: २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, दल्ली-राजहऱ्याच्या खनिजाच्या भरवशावर दहा लाख टनांची योजना उभी राहिली, आणि आज रेल्वेला लागणारे २६० मीटर लांबीचे जोडरूळ येथून रवाना होतात. एवढे टिपून झाल्यावर माझे लक्ष जेथे गुंतले ते ठिकाण मात्र कारखान्याच्या कुंपणाच्या आत नव्हते. पॉवर हाऊसच्या पुढे जी. ई. रोडच्या कडेला पोलाद वाहून नेणारे ट्रेलर भरतीची वाट पाहत उभे असतात, आणि त्यांच्याच सावलीत एका बॅटरीवाल्या मेस्त्रीचे पत्र्याचे दुकान आहे. त्या मेस्त्रीचे वडील कारखान्याच्या आरंभीच्या काळात भंडाऱ्याकडून येथे आले. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरच्या राजधानीतून चालत असल्यामुळे त्या काळच्या वैदर्भीयास हा मुलूख परका वाटण्याचे कारण नव्हते, आणि म्हणूनच की काय, गिऱ्हाइकाशी हिंदी व छत्तीसगढी बोलणारा हा मनुष्य माझ्याशी क्षणात झाडीपट्टीच्या मराठीवर आला.

अवजड वाहनाची विद्युत्‌व्यवस्था २४ व्होल्टची असते, आणि ती सिद्ध करण्याकरिता १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक अशा जोडलेल्या असतात. सेल्फ, दिवे, वायपर यांचा सर्व व्यवहार या दोघींच्या एकत्रित शक्तीवर चालतो, त्यामुळे जेवढा प्रवाह एकीतून जातो तेवढाच दुसरीतूनही जातो आणि दोघी सारख्याच खर्च होऊन सारख्याच भरल्या जातात. परंतु बाजारात मिळणारे गाण्याचे यंत्र, पंखा, मोबाइलचा चार्जर या वस्तू बहुधा १२ व्होल्टच्या. आणि रायपूर-नागपूर मार्गावर रात्र काढणाऱ्या ड्रायव्हरला इंजिनाच्या घरघरीखेरीज दुसरा काही आवाज हवा असेल तर त्यात गैर काय आहे? तो दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एक तार काढतो. गाणे सुरू होते, आणि गाडीचा नाशही त्याच घटकेस सुरू होतो.

मेस्त्रीने एका ट्रेलरच्या बॅटरीपेटीचे झाकण उघडून मला हा प्रकार प्रत्यक्ष दाखविला. इंजिन चालू होते. दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर मिळून मीटरने २८.४ व्होल्ट दाखविले, म्हणजे हिशेबाप्रमाणे प्रत्येकीच्या वाट्याला १४.२ यावयास हवे होते. परंतु एकेकीवर मीटर लावताच अर्थच्या बाजूच्या बॅटरीवर १३.२ आणि वरच्या बॅटरीवर १५.२ असा आकडा आला. अल्टरनेटरला केवळ बेरीज दिसते, आणि बेरीज बिनचूक असल्यामुळे तो निश्चिंतपणे आपले काम करीत राहतो. मग मेस्त्रीने बुचे काढून हायड्रोमीटर बुडविला. गाण्याचा भार वाहणाऱ्या बॅटरीची ग्रॅव्हिटी बाराशेच्या खाली होती. दुसरीत हायड्रोमीटर बुडविण्याजोगे पाणीच उरले नव्हते, प्लेटांचे माथे उघडे पडले होते आणि झाकणावर आम्लाचा ओलसर थर पसरला होता.

"गाणं मधातून काढलं ना साहेब," तो म्हणाला, "का एक उपाशी मरते अन् दुसरी जळून जाते. अन् मालक म्हंते, कंपनीनं बाटरी खराब देली."

यावरचे उपाय त्याला तोंडपाठ आहेत. २४ व्होल्टचे १२ करून देणारा छोटा कन्व्हर्टर बसविला म्हणजे गाण्याचा भार दोघींवर सारखा पडतो. ते न जमल्यास मध्यबिंदूवर समतोल राखणारा इक्वलायझर बसवावा. तेवढेही मालकास मंजूर नसेल तर दोन्ही बॅटऱ्या स्वतंत्रपणे पूर्ण भरून घ्याव्यात, ठरावीक मुदतीने त्यांच्या जागांची अदलाबदल करावी, आणि एक निकामी झाली असता जुनीच्या जोडीला नवी कदापि बसवू नये. हा शेवटचा नियम सर्वांत स्वस्त दिसतो आणि सर्वांत जास्त मोडला जातो, कारण एक बॅटरी मरते तेव्हा दुसरी जिवंत आहे असे मालकाला वाटत असते.

ट्रेलरमध्ये दोन बॅटऱ्या एकत्र राहण्याकरिता असतात. सुसज्ज रुग्णवाहिकेत, फिरत्या निवासगाडीत किंवा मच्छीमारी नौकेत त्या विभक्त राहण्याकरिता असतात, आणि माझ्या मते खरे कौशल्य येथे आहे. अशा वाहनात पहिली बॅटरी केवळ इंजिन सुरू करण्यास राखीव असते आणि दुसरी आतील उपकरणांकरिता. रुग्णवाहिका रुग्णालयाच्या दारात इंजिन बंद करून उभी असताना आतील सक्शन पंप किंवा श्वसनयंत्र दुसरीवर चालावे, परंतु त्यापायी पहिली बसू नये. उलट गाडी धावू लागली की दोन्ही भराव्यात, आणि भरणारा अल्टरनेटर मात्र एकच. आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातील ट्रॉलरवर वायरलेस आणि मासे शोधणारे यंत्र रात्रभर चालते, तेथेही प्रश्न हाच. फरक इतकाच की गाडी अडली तर धक्का मारणारे चार हात मिळतात, समुद्रात मिळत नाहीत.

नौकांवर पुष्कळदा हे काम हाताने फिरवायच्या स्विचवर सोपविलेले असते: पहिली, दुसरी, दोन्ही, बंद. इंजिन चालू असताना तो घाईने ‘बंद’वर गेला, तर अल्टरनेटरमधील प्रवाहास एकाएकी वाट न उरल्यामुळे व्होल्टेज उसळते आणि आतील डायोड जळतात. डायोडांच्याच साहाय्याने दोन बॅटऱ्या विभक्त ठेवण्याची एक पद्धत आहे, परंतु सिलिकॉनचा डायोड आपल्या खंडणीदाखल सुमारे ०.७ व्होल्ट ठेवून घेतो, आणि १४.२ च्या जागी १३.५ मिळालेली बॅटरी कधीच पुरी भरत नाही.

म्हणून मेस्त्रीचा विश्वास रिलेवर. त्याने नव्या रिलेच्या शेजारी फळीवर जुन्या डायनमोच्या काळातील एक कटआउट जपून ठेवला आहे, आणि या दोहोंतील नाते खरोखर रक्ताचे आहे. डायनमोचे व्होल्टेज बॅटरीच्या वर चढले म्हणजे कटआउटचे वेटोळे लोखंडी पट्टी ओढून दोघांची गाठ घालून देई, आणि इंजिन मंदावले की गाठ सोडून बॅटरीला डायनमोत रिती होण्यापासून वाचवी. आजचा रिले तीच राखण दोन बॅटऱ्यांच्या मध्ये उभा राहून करतो. पहिल्या बॅटरीवर सुमारे १३.३ व्होल्ट आले, म्हणजे अल्टरनेटर कामाला लागला असे समजून तो दुसरीला जोडतो, १२.८ पर्यंत उतरले की तोडतो. या दोन आकड्यांमधील अर्ध्या व्होल्टची सोय फार विचारपूर्वक केलेली आहे. रिकामी दुसरी बॅटरी जोडताक्षणी व्होल्टेज खाली येते. जोडण्याची आणि तोडण्याची मर्यादा एकच ठेवली तर रिले त्याच क्षणी सुटेल, सुटताच व्होल्टेज चढेल, पुन्हा जुळेल, आणि अशा रीतीने टकटक करीत त्याचे संपर्कबिंदू काही दिवसांत जळून जातील. मेस्त्रीने एक बिघडलेला रिले बॅटरीला लावून हा टकटकाट मला ऐकविला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रोग्याची नाडी दाखविणाऱ्या वैद्याचे समाधान होते. तार जाड, फ्यूज दोन, आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ, हा त्याचा दुसरा आग्रह. कारण दोन बॅटऱ्यांना जोडणारी तार कोठे घासून उघडी पडली तर तिला दोन्ही टोकांकडून आग मिळते.

परंतु या रिलेचे दिवस भरत आले आहेत, अशी शंका त्याला स्वतःलाच येऊ लागली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली, आणि इंधनाची बचत साधण्याकरिता पुष्कळ नव्या गाड्यांत अल्टरनेटरचा कारभार संगणकाच्या हाती गेला. असा अल्टरनेटर गाडी वेग घेत असताना आपला भार कमी करतो आणि उतारावर किंवा ब्रेक लावताना वाढवितो. त्यामुळे इंजिन भरधाव चालू असूनही व्होल्टेज १२.८ च्या खाली येते, आणि रिले बिचारा इंजिन बंद झाले असे समजून दुसऱ्या बॅटरीला तोडून टाकतो. दिवसभर धावूनही गाडीची दुसरी बॅटरी अर्धवटच राहते. येथे आत येणारे व्होल्टेज काहीही असो, बाहेर ठरावीकच देणारा डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. त्याची किंमत रिलेच्या कित्येक पट असते, आणि तो मागितला की मालक घड्याळ पाहू लागतो.

लिथियमने तर घोटाळा उलट बाजूने केला आहे. लोहफॉस्फेटच्या चार सेलांची बॅटरी भरलेली असता, इंजिन बंद असूनही, १३.३ व्होल्टच्या आसपास दीर्घकाळ स्थिर राहते. दोन्ही बाजूंनी पाहणाऱ्या रिलेला हा आकडा अल्टरनेटरचाच वाटतो, आणि तो दोघींना रात्रभर जोडून ठेवतो. शिवाय तिचा अंतर्गत अवरोध अत्यल्प असल्याने रिकामी असता ती अल्टरनेटरकडून जेवढे मिळेल तेवढे ओढते, आणि इंजिन मंद गतीत असताना, पंख्याचा वारा अपुरा असताना, तो अल्टरनेटर तापून जळण्याचे प्रसंग येतात. भिलाईच्या मे महिन्यात, पारा ४५ कडे सरकत असताना, यंत्राजवळची बॅटरी आधीच तापलेली असते. शिशाच्या बॅटरीला उष्णतेत भरणव्होल्टेज कमी लागते, ते कमी केले नाही तर पाणी उडते. हे सर्व रिलेला ठाऊक नाही. ते मेस्त्रीला ठाऊक आहे, पण मेस्त्री गाडीबरोबर जात नाही.

आणि आता ट्रकांच्या केबिनात वातानुकूलनाची सक्ती आली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून निर्माण होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू गाड्यांस ते बंधनकारक आहे. चालत्या गाडीत ते इंजिनावर चालेल. उभ्या गाडीत झोपणाऱ्या ड्रायव्हरचे काय? मी तेथे असतानाच एका मालकाने हाच प्रश्न विचारला. मेस्त्रीने वहीच्या कागदावर हिशेब मांडला: ६०० वॉटचा लहान कूलर, आठ तास, म्हणजे २४ व्होल्टवर २०० अँपिअर-तास, शिशाच्या बॅटरीचा निम्माच साठा वापरावा, म्हणून ४०० ची स्वतंत्र जोडी, ती भरणारा चार्जर, तारा, फ्यूज वेगळे. मालकाने कागद उलटसुलट पाहिला, चार्जरवर काट मारली, जोडी निम्मी केली, आणि फ्यूजबद्दल विचारले, "ये भी लगता है क्या?" मेस्त्रीने कागद परत घेऊन फ्यूजची ओळ अधिक ठळक केली, आणि ती राहणार नसेल तर काम दुसरीकडे न्यावे असे शांतपणे सांगितले. ड्रायव्हर तोपर्यंत बॅटरीपेटीजवळ उभा राहून गाण्याची मधली तार तूर्त तशीच ठेवता येईल का, असे मदतनीस पोराला विचारत होता.