आरोग्य कर्मचाऱ्यांना सैनिकांसारखं संरक्षण मिळतं का? कायदा नेमकं काय सांगतो

सप्टेंबर 2020. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांपासून अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या सोसायट्यांपर्यंत आरोग्य पथकं दारोदार फिरू लागली. कुणाच्या हातात तापमापक, कुणाच्या हातात ऑक्सिमीटर. काही दारं उघडली, काही उघडलीच नाहीत.

त्या वर्षी या लोकांना 'कोरोना योद्धे' म्हटलं गेलं. मार्चमध्ये त्यांच्यासाठी थाळ्या वाजल्या. मे महिन्यात हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं पडली.

पण सैनिकाला फक्त मान मिळत नाही. त्याला निवृत्तिवेतन मिळतं, ड्युटीवर जीव गेला तर कुटुंबाची सोय असते, सीमेवर असताना त्याच्यावरचे कोर्टातले दावे थांबवण्याचीही कायद्यात तरतूद आहे. मग 'योद्धा' म्हटलेल्या परिचारिकेला, डॉक्टरला किंवा आरोग्य सेविकेला यातलं काय मिळतं?

याचं उत्तर बहुतेक वेळा एका प्रश्नावर येऊन थांबतं: त्यांना ड्युटीवर कोणी पाठवलं होतं?

गणवेशातले आरोग्य अधिकारी म्हणजे कोण?

अमेरिकेत 'पब्लिक हेल्थ सर्व्हिस कमिशन्ड कोर' नावाचं दल आहे. त्याची मुळं 1798 मध्ये आजारी खलाशांसाठी केलेल्या कायद्यात आहेत, तर दलाची अधिकृत स्थापना 1889 मध्ये झाली. सुमारे साडेपाच ते सहा हजार डॉक्टर, परिचारिका, औषधतज्ज्ञ, अभियंते त्यात आहेत. सर्जन जनरल त्यांचे प्रमुख असतात. हुद्दे नौदलासारखे, गणवेशही तसाच, पण हातात शस्त्र नाही. अमेरिकेच्या आठ गणवेशधारी सेवांपैकी ही एक.

या अधिकाऱ्यांना लष्कराच्याच वेतनश्रेणीने पगार मिळतो. 20 वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन, कुटुंबाला लष्करी आरोग्य योजना आणि माजी सैनिकांना मिळणारे अनेक लाभ मिळतात.

कायद्याचं संरक्षणही आहे. सेवेत येण्यापूर्वी घेतलेल्या कर्जावरचं व्याज 6 टक्क्यांपुरतं मर्यादित करून घेता येतं. बदलीचा हुकूम आला तर भाड्याच्या घराचा करार दंड न भरता मोडता येतो. सेवेत असताना कोणी दिवाणी दावा लावला तर तो काही काळ स्थगित ठेवण्याची मागणी करता येते. ड्युटीवर केलेल्या उपचारांबद्दल कोणी नुकसानभरपाई मागितली, तर दावा डॉक्टरवर न चालता सरकारवर चालतो.

त्याची किंमतही मोजावी लागते. हुकूम येईल तिथे जावं लागतं. 2014 मध्ये इबोलाची साथ पसरली तेव्हा या दलाचे अधिकारी लायबेरियात रुग्णांवर उपचार करायला गेले होते.

या व्यवस्थेत संरक्षण माणसाच्या पदाला जोडलेलं आहे. साथ असो वा नसो, ते अधिकाऱ्याबरोबरच फिरतं. त्याला कोणी पाठवलं, हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही, कारण ते त्याच्या नेमणुकीतच लिहिलेलं असतं.

भारतात असं दल आहे का?

लष्करात आहे. आर्मी मेडिकल कोरचे डॉक्टर हे कमिशन मिळालेले अधिकारी असतात. पुण्याच्या वानवडीतल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडणारे अनेक जण याच सेवेत जातात. त्यांना सैनिकाचे सगळे लाभ मिळतात. 1925 च्या सैनिक दावे कायद्यानुसार, विशेष परिस्थितीत सेवेत असलेल्या सैनिकावरचा दिवाणी दावा थांबवता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 60 व्या कलमामुळे सैनिकाच्या पगारावर कोर्टाची जप्ती येत नाही.

नागरी आरोग्यसेवेत मात्र असं दल नाही. राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा राज्यांचा विषय आहे. मुंबईत हे काम मुख्यतः महापालिका करते. त्यामुळे घाटकोपरच्या राजावाडी किंवा बोरिवलीच्या भगवती रुग्णालयातली परिचारिका महापालिकेची कर्मचारी असते. तिचे हक्क पालिकेच्या सेवानियमांतून येतात. शेजारच्याच वॉर्डात कंत्राटावर काम करणाऱ्या परिचारिकेला ते नियम लागू होतीलच असं नाही.

पहिलं संरक्षण मुंबईच्या प्लेगमुळे आलं

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. साथ पसरली आणि फेब्रुवारी 1897 मध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा आणला. घरांची झडती घेणं, प्रवाशांना तपासणं, संशयितांना वेगळं ठेवणं, असे मोठे अधिकार त्यातून मिळाले.

कायद्याचं चौथं कलम एका वाक्याचं आहे. या कायद्याखाली सद्‌भावनेने केलेल्या कामाबद्दल कोणावरही दावा किंवा इतर कायदेशीर कारवाई करता येणार नाही, असं ते सांगतं. साथीच्या कामावरच्या माणसाला मिळालेलं हे पहिलं कवच. पण ते होतं कोर्टापासून. हल्ल्यापासून नव्हे. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. प्लेगच्या नावाखाली चाललेल्या जुलमी झडत्यांचा राग त्यामागे होता. तरीही कायद्यात पुढची 123 वर्षं हल्ल्याबद्दल वेगळं कलम आलं नाही.

2020 मध्ये काय बदललं?

कोरोनाच्या सुरुवातीला देशभरात आरोग्य पथकांवर हल्ले झाले. काही डॉक्टर-परिचारिकांना घरमालकांनी घर सोडायला सांगितलं. 22 एप्रिल 2020 ला केंद्राने वटहुकूम काढला आणि सप्टेंबरमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. त्यातल्या मुख्य तरतुदी अशा:

- साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हिंसा केल्यास 3 महिने ते 5 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड.
- गंभीर दुखापत केल्यास 6 महिने ते 7 वर्षं कैद आणि 1 ते 5 लाख रुपये दंड.
- गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तपास पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने 30 दिवसांत पूर्ण करायचा.
- मालमत्तेचं नुकसान केल्यास बाजारभावाच्या दुप्पट भरपाई.

यातल्या दोन गोष्टी फारशा कुणाला ठाऊक नसतात. पहिली, 'हिंसा' म्हणजे फक्त मारहाण नव्हे. कर्मचाऱ्याला राहणं किंवा काम करणं कठीण होईल असा छळही त्यात येतो. सोसायटीत येऊ न देणं किंवा घर सोडायला लावणं हे त्यात बसू शकतं. दुसरी, 'आरोग्य कर्मचारी' या व्याख्येत डॉक्टर आणि परिचारिकांबरोबर समुदाय आरोग्य कर्मचारीही आहेत. म्हणजे मानधनावर घरोघरी फिरणारी आरोग्य सेविकाही.

मर्यादा मात्र मोठी आहे. हे संरक्षण साथीच्या काळापुरतं आहे.

साथ नसताना काय?

महाराष्ट्रात त्यासाठी 2010 चा कायदा आहे. डॉक्टर, परिचारिका, वैद्यकीय आणि परिचर्येचे विद्यार्थी, निमवैद्यकीय कर्मचारी यांच्यावर हल्ला केल्यास 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हाही गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. कर्मचारी लोकसेवक असेल, तर कामात अडथळा आणण्यासाठी केलेल्या हल्ल्याला भारतीय न्याय संहितेचं 132 वं कलमही लागतं.

ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या घटनेनंतर केंद्राने सरकारी रुग्णालयांना एक आदेश दिला. ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यावर हल्ला झाला, तर जास्तीत जास्त 6 तासांत संस्थेने स्वतः एफआयआर नोंदवायचा आणि ती जबाबदारी संस्थाप्रमुखाची. यामुळे मार खाल्लेल्या परिचारिकेला एकटीने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत, अशी अपेक्षा आहे.

उपचारातल्या चुकीच्या आरोपांबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाचा आधार आहे. निष्काळजीपणाच्या फौजदारी तक्रारीत पोलिसांनी आधी दुसऱ्या, तटस्थ डॉक्टरचं मत घ्यावं आणि केवळ आरोप झाला म्हणून डॉक्टरला सरसकट अटक करू नये, असं न्यायालयाने सांगितलं.

जीव गेला तर कुटुंबाला काय?

खरी कसोटी इथे लागते. मार्च 2020 मध्ये केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाख रुपयांचं विमा कवच जाहीर केलं. देशातले सुमारे 22 लाख कर्मचारी त्यात धरले होते. कंत्राटी, रोजंदारीवरचे आणि स्वयंसेवकही त्यात होते. खासगी डॉक्टरला मात्र अट होती: सरकारने त्याला कोविडच्या कामासाठी बोलावलेलं असलं पाहिजे. मे 2020 मध्ये राज्य सरकारनेही कोविड ड्युटीवर मृत्यू पावणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी 50 लाखांची तरतूद केली. ओडिशा सरकारने तर अशा कर्मचाऱ्यांना 'शहीद' मानून कुटुंबाला निवृत्तीच्या तारखेपर्यंत पगार देण्याची घोषणा केली होती.

विमा योजनेतल्या त्या अटीचा अर्थ काय, याचा फैसला मुलुंडच्या खाडीपलीकडे, नवी मुंबईतल्या एका प्रकरणातून झाला.

मार्च 2020 च्या अखेरीस नवी मुंबई महापालिकेने तिथल्या एका खासगी डॉक्टरला नोटीस दिली. दवाखाना उघडा ठेवा, नाहीतर कारवाई होईल, असा तिचा मजकूर होता. डॉक्टरांनी दवाखाना उघडा ठेवला. जूनमध्ये कोविडने त्यांचा मृत्यू झाला. पत्नीने विम्यासाठी अर्ज केला, पण तो नाकारला गेला. कारण असं दिलं की नोटीस दवाखाना उघडा ठेवण्याची होती, कोविड ड्युटीवर बोलावण्याची नव्हती. मार्च 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हीच बाजू मान्य केली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर 2025 मध्ये निकाल आला. साथरोग कायदा, राज्याची कोविड नियमावली, पालिकेचा आदेश आणि विमा योजना हे सगळं एकत्र वाचलं पाहिजे, असं न्यायालयाने म्हटलं. त्या दिवसांत प्रत्येक डॉक्टरला वेगळं नेमणूकपत्र मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून डॉक्टरांच्या सेवा सरकारने मागवल्या होत्या, असंच मानावं लागेल. पण त्याचबरोबर एक अट कायम राहिली: मृत्यू कोविडशी संबंधित काम करताना झाला, हे प्रत्येक कुटुंबाला पुराव्याने दाखवावं लागेल.

म्हणजे मृत्यूपासून या निकालापर्यंत साडेपाच वर्षं गेली, आणि वाद होता तो मुख्यतः 'बोलावलं होतं' या शब्दांच्या अर्थाचा.

आज कोण कुठे उभं आहे?

उपनगरातल्या चार जणांचा विचार केला तर फरक लगेच दिसतो.

राजावाडीतल्या कायम परिचारिकेला पालिकेचे सेवानियम लागू आहेत. तिच्या मागे निवृत्तिवेतन किंवा नवी पेन्शन योजना असते आणि कुटुंबाला अनुकंपा नोकरीचा अर्ज करता येतो.

मुलुंड किंवा दहिसरच्या जंबो केंद्रात कंत्राटावर काम केलेल्या परिचारिकेकडे तिचा करारच असतो. तिच्यासाठी कामगार कायद्यातली एक जुनी तरतूद महत्त्वाची ठरू शकते. आरोग्यसेवेच्या किंवा प्रयोगशाळेच्या कामातून झालेला संसर्गजन्य आजार 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात 'व्यावसायिक आजार' मानला होता. आता ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे.

मानधनावरच्या आरोग्य सेविकेपुढचा प्रश्न आणखी मागचा आहे. तिच्या कामाला 'स्वयंसेवा' म्हटलं गेलं, तर आपण कर्मचारी आहोत हेच आधी पटवून द्यावं लागतं.

अंधेरीत स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला हल्ल्याविरुद्ध 2010 च्या कायद्याचं संरक्षण आहे. पण पुढच्या साथीत विमा मिळेल की नाही, हे त्या वेळची योजना आणि तिचे शब्द ठरवतील. 2020 ची विमा योजना वेळोवेळी मुदतवाढ घेत 2022 पर्यंतच चालली.

चौघांचं काम एकच, रुग्णाजवळ जाण्याचं. कायद्याच्या नजरेत मात्र चौघे चार ठिकाणी आहेत.

मग काय जपून ठेवावं?

गणवेशाच्या व्यवस्थेत जे नेमणुकीतच लिहिलेलं असतं, ते इथे कागदांनी सिद्ध करावं लागतं. म्हणून साथीच्या किंवा आपत्तीच्या कामावर जाणाऱ्या प्रत्येकाने, आणि त्यांच्या घरच्यांनीही, एवढं सांभाळावं:

- ड्युटीचा लेखी आदेश किंवा नोटीस. तोंडी सांगितलं असेल तर व्हॉट्सॲपवरचा किंवा ईमेलवरचा निरोप.
- हजेरीपट, ड्युटीचं वेळापत्रक आणि ओळखपत्राची प्रत.
- कोणत्या रुग्णांच्या संपर्कात कधी आलो, याची तारखेनिशी साधी नोंद.
- तपासणीचे अहवाल, रुग्णालयाचे कागद आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला.
- हल्ला झाल्यास त्याच दिवशी संस्थाप्रमुखांना दिलेला लेखी अर्ज आणि त्याची पोच.

यातलं काहीच सैनिकाच्या घरच्यांना शोधत बसावं लागत नाही. त्याला कोणी पाठवलं, हे सरकारला आधीच माहीत असतं. 2020 मध्ये दार ठोठावणाऱ्या त्या पथकाला कोणी पाठवलं होतं, हेही सगळ्यांना माहीत होतं. कायद्यातही ते तितक्याच स्पष्टपणे लिहिलेलं असावं, एवढीच आरोग्य कर्मचाऱ्यांची खरी गरज आहे. आणि ते लिहायचं तर पुढची साथ येण्याआधी.