नाव मालकाचं, हात कारागिराचा

2025 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सोदबीज लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार निघाली आणि महाराष्ट्र सरकारनं ती मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिच्या पात्याच्या पाठीवर सोन्यानं देवनागरी अक्षरं भरलेली आहेत: श्रीमंत राघोजी भोसले, सेनासाहेब सुभा. मालकाचा प्रश्न मिटला. घडवणाऱ्याचा मिटला नाही. पातं युरोपीय बनावटीचं, मूठ मात्र आपल्याकडच्या मुल्हेरी घाटाची. परदेशी पात्यावर ही मूठ चढवली कोणी, सोनं भरलं कोणी, याबद्दल ती अक्षरं चकार शब्द काढत नाहीत.

जुन्या हत्यारांच्या बाबतीत हे नेहमीचंच. नाव सापडलं की शोध संपला असं आपल्याला वाटतं. जाणकार मात्र तिथून कामाला लागतात. हे नाव घडवणाऱ्याचं, बाळगणाऱ्याचं की जिंकून नेणाऱ्याचं? शिवाय नाव खोटंही असू शकतं. युरोपातल्या नामांकित पातेवाल्यांच्या खुणा आपल्याकडचे लोहार बिनदिक्कत उठवत. गिऱ्हाईक फिरंगी पात्याला चार पैसे जास्त मोजायचं, एवढं कारण पुरेसं होतं.

सोलापूरच्या आसपास या विद्येचे धडे गिरवायला भरपूर माल आहे, आणि तोही टनावारी. पहिला धडा शंभर किलोमीटरवर, विजापूरच्या बुरुजावर. मलिक-ए-मैदान, म्हणजे आपली मुलूखमैदान तोफ. वजन सुमारे 55 टन. तोंड वासलेल्या श्वापदाचं आणि त्याच्या दाढेत सापडलेला हत्ती. ही तोफ 1549 साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहासाठी ओतली गेली आणि ओतणाऱ्यानं तिच्यावर आपलं नावही घातलं: महंमद बिन हुसेन रूमी. पुढे 1686 मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबानं त्याच तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरवला. तेवढाच लेख शिल्लक राहिला असता, तर ही तोफ बेलाशक मुघलांच्या नावावर जमा झाली असती.

कंपनी सरकारला तर तिची किंमतच नव्हती. 1854 मध्ये निरुपयोगी सामान म्हणून तिचा लिलाव पुकारला गेला आणि सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची! सुदैवानं तो सौदा रद्द झाला.

हत्यार कुठं सापडलं यावरूनही ते कुठं घडलं हे ठरत नाही. हीच तोफ अहमदनगरात ओतली गेली, बार्शीपलीकडच्या परंडा किल्ल्यावर राहिली आणि 1632 मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं ती विजापूरला नेली. खुद्द सोलापूरचा भुईकोट निजामशाही आणि आदिलशाहीत किती वेळा इकडून तिकडे गेला! चांदबिबीच्या लग्नात तर तो आंदण म्हणून विजापूरकरांना मिळाला. शेवटी 1818 च्या मे महिन्यात जनरल मन्रोच्या फौजेनं तो घेतला, तेव्हा तिथल्या पेशव्यांच्या तोफाही इंग्रजांकडे गेल्या. किल्ल्यांबरोबर तोफांचेही मालक बदलत गेले.

मग बिननावी हत्याराचा कारागीर शोधायचा कसा? या शोधाची सर्वांत घोटीव पद्धत तयार झाली ती अमेरिकेत, तिथल्या लांब नळीच्या रायफलींवर. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात जर्मन आणि स्विस कारागीर येऊन वसले. त्यांनी आपल्या आखूड शिकारी बंदुकीची नळी लांबवत चाळीस इंचांच्या पुढं नेली, नळीच्या आतल्या पीळ दिलेल्या खाचा कायम ठेवल्या आणि मेपल लाकडाचा सडपातळ दस्ता बसवला. काहींनी नळीवर सही केली. पुष्कळांनी केलीच नाही.

या बिनसहीच्या रायफलींकडे अभ्यासक सुटे सुटे भाग म्हणून बघतात. चापाच्या पट्टीवर नाव असलं, तरी ते बंदूक बनवणाऱ्याचं असेलच असं नाही, कारण चाप बऱ्याचदा इंग्लंडहून तयार यायचे. नळीवरचं नावही बेतानंच घ्यायचं, कारण जुनी नळी नव्या दस्त्यात बसवण्याची पद्धत सर्रास होती. खरी ओळख पटते ती दस्त्यापाशी. दस्त्याच्या उजव्या अंगाला पितळी झाकणाचा एक कप्पा असतो. गोळीभोवती गुंडाळायच्या चिंध्या त्यात राहत. लँकेस्टर भागात या पितळेच्या टोकाला डेझीचं फूल कापायची चाल होती. लीहाय भागातल्या दस्त्याला खास बाक असायचा. जो किंडिग या संग्राहकानं 1960 च्या आपल्या ग्रंथात शेकडो रायफली अशा खुणांवरून गावोगावच्या घराण्यांत लावून दाखवल्या. सही असलेली एक रायफल प्रमाण धरायची आणि बिनसहीची तिच्या शेजारी ठेवायची. वेलीचं वळण, छिन्नी उचलल्याची जागा, खिळ्यांमधलं अंतर सगळं ताडून बघायचं. ठरवून काढलेली नक्षी दुसऱ्याला उतरवता येते. हाताची सवय उतरवणं अवघड. सोलापुरातला मुरलेला व्यापारी लेबल न बघता चादर हातमागाची की यंत्रमागाची हे सांगतो, तशातलाच हा प्रकार.

आपल्याकडे एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर ठासणीची बंदूक निघते, तेव्हाही नळी, चाप आणि दस्ता यांची जबानी वेगवेगळी घ्यावी लागते. चापाच्या पट्टीवर चार भागांत विभागलेला बदाम आणि त्यात व्ही, ई, आय, सी ही अक्षरं असतील, तर चाप ईस्ट इंडिया कंपनीचा. बदामाऐवजी मागच्या पायांवर उभा सिंह असेल, तर 1808 नंतरचा. पण हे झालं फक्त चापापुरतं. नळी देशी आणि दस्ता गावच्या सुतारानं नंतर केलेला असू शकतो.

जिंकणाऱ्याच्या खुणांचं नामी उदाहरण बिकानेरला आहे. 1689 मध्ये अदोनीचा किल्ला पडल्यावर महाराजा अनूपसिंहानं दख्खनची पुष्कळ हत्यारं तिकडं नेली. त्यांवर ठिपक्याठिपक्यांनी देवनागरी नोंदी ठोकलेल्या आहेत. कारागिराबद्दल त्यात काही नाही. पण ते हत्यार 1689 च्या आधीचं आणि दख्खनमधलं, एवढं त्या नोंदीनं पक्कं होतं. तारखेचा असा खुंटा मिळाला की बाकीची हत्यारं त्याच्या अलीकडं-पलीकडं लावता येतात.

हीच नजर घेऊन हैदराबाद रस्त्यावरच्या नळदुर्गला जावं. उपल्या बुरुजावरच्या लांबलचक तोफांपाशी उभं राहून पहिला प्रश्न विचारायचा: ओतीव की घडीव? ओतीव तोफेचं अंग अखंड असतं, नक्षी त्याच ओतकामातून उमटलेली असते. घडीव तोफेत लोखंडाच्या लांब पट्ट्या उभ्या जुळवून त्यांवर तापवलेली कडी चढवतात. कडं निवलं की आवळतं. त्यामुळं अंगावर ओळीनं सांधे दिसतात. कड्यांची रुंदी, ती किती थरांत चढवलीत, गाड्यावर टेकायचे बाजूचे कान कसे जोडलेत, मागचं टोक कसं बंद केलंय, यांत लोहारांच्या सवयी उतरलेल्या असतात. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी देशभरातल्या अशा घडीव तोफांचा याच अंगानं अभ्यास केला आणि 2008 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

या पुराव्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हौशी साफसफाई. पॉलिश पेपरनं घासलेल्या नळीवरचा पुसट शिक्का गेला की गेला. वाड्यात बंदूक सापडलीच तर गंज तसाच ठेवावा, चाप खोलू नये, दारू आत भरलेली असू शकते हे ध्यानात घ्यावं आणि शस्त्र कायद्यानुसार पोलिसांना कळवावं. किल्ल्यावरच्या तोफेला तर हातही लावायला नको. एक मापाची पट्टी शेजारी धरून कड्यांचे, कानांचे आणि मागच्या टोकाचे स्वच्छ फोटो घेतले, तरी अभ्यासकाला परंड्याची एखादी तोफ नळदुर्गच्या तोफेशेजारी ठेवून बघता येते.